डॉट नेट 8 वरचं विनफॉर्म्स: लॉक उघडला की गोठतं, बाकी तक्रार फारशी नाही

काउंटरवरचा माणूस विंडोज-एल दाबून जेवायला जातो, परत येऊन पासवर्ड टाकतो आणि बिलिंगची खिडकी पांढरीफटक. वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, सीपीयू शून्यावर. टास्क मॅनेजरमधून बंद करून पुन्हा उघडलं की सगळं सुरळीत, पुढच्या लॉकपर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉट नेट फ्रेमवर्क 4.8 वरून नव्या डॉट नेट 8 वर आणलेलं, म्हणजे पोर्ट केलेलं, बिलिंग-स्टॉकचं अॅप काही महिने चालवल्यानंतरचा हा अनुभव आहे. विनफॉर्म्स म्हणजे डॉट नेटमध्ये विंडोजच्या खिडक्या-बटणांची अॅप्स बनवायची लायब्ररी, याहून जास्त सांगत बसत नाही.

साहजिकच पहिला संशय नव्या रनटाइमवर, म्हणजे अॅप चालवणाऱ्या डॉट नेट 8 वर जातो, पण ती चोर सोडून संन्याशाला फाशी ठरते. ही खोड 2005 च्या डॉट नेट 2.0 पासून आहे. पोर्ट केल्यावरच ती वर का येते, त्यालाही कारण आहे. ते पुढे.

आधी निदान. खिडकी गोठलेली असतानाच टास्क मॅनेजरच्या डीटेल्स टॅबमध्ये प्रोसेसवर राइट क्लिक करून डम्प फाइल (प्रोसेसच्या मेमरीची त्या क्षणाची नक्कल) काढून घ्या. प्रोसेस 32 बिटी असेल तर सिसवाऊ64 फोल्डरमधला टास्क मॅनेजर वापरा, नाहीतर डम्प उघडल्यावर भलताच स्टॅक दिसतो. व्हिज्युअल स्टुडिओत तो डम्प 'मॅनेज्ड ओन्ली'ने उघडून मेन थ्रेडचा (खिडक्या सांभाळणारा, म्हणजेच यूआय थ्रेड) कॉल स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची यादी, बघा. तळाशी अॅप्लिकेशन.रन, सगळ्यात वर वेटवन, आणि मधे सिस्टिमइव्हेंट्सचं ऑनयूजरप्रेफरन्सचेंज्ड दिसलं की पुढे शोधायची गरज नाही, दुखणं हेच.

होतं असं. लॉक-अनलॉक, रिमोट डेस्कटॉपने जोडणं, थीम बदलणं, अशा वेळी विंडोज सगळ्या खिडक्यांना सेटिंग बदलल्याचा संदेश पाठवतं. उघडलेला प्रत्येक फॉर्म आणि टूलस्ट्रिपसारखी काही कंट्रोल्स हा इव्हेंट ऐकत असतात, आणि ज्या थ्रेडवर त्यांनी नाव नोंदवलं त्याच थ्रेडवर त्यांना बोलावलं जातं, तेही 'सेंड' पद्धतीने. म्हणजे उत्तर येईपर्यंत बोलावणारा हलत नाही. आता एखादं कंट्रोल चुकून बॅकग्राउंड थ्रेडवर जन्मलेलं असेल तर त्या थ्रेडला मेसेज लूपच, म्हणजे आलेले संदेश उचलणारा फेराच, नाही. तो उत्तर देणार कधी?

आणि पोर्टचा संबंध इथे येतो. जुन्या कोडमध्ये अशा कामासाठी बहुधा 'न्यू थ्रेड' असायचा. काम संपलं की तो मरायचा. थ्रेड मेलेला आहे हे विनफॉर्म्सला ओळखता येतं, त्यामुळे वाट बघणं टळतं. पोर्ट करताना त्याच जागी टास्क.रन येतं, आणि टास्क.रन थ्रेडपूलमधला, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायला राखून ठेवलेल्यांपैकी, थ्रेड वापरतं. पूलमधला थ्रेड काम संपल्यावरही जिवंत असतो, पण मेसेज काही उचलत नाही. जिवंत म्हणून वाट बघितली जाते, बहिरा म्हणून उत्तर येत नाही. बसा.

माझी खरी तक्रार मात्र गोठण्याबद्दल नाही, विनफॉर्म्सच्या मौनाबद्दल आहे. चुकीच्या थ्रेडवरून कंट्रोलला हात लावला तर ते अपवाद फेकतं, असं सगळे मानून चालतात. ही तपासणी चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स या झेंड्यावर चालते आणि त्याची मूळ किंमत 'डीबगर जोडलेला आहे का' यावरून ठरते. म्हणजे तुमच्या मशिनवर एफ5 दाबलं की बोंबाबोंब, ग्राहकाच्या मशिनवर ताकास तूर लागू देत नाही. टेस्ट बिल्डमध्ये मेनच्या पहिल्याच ओळीत हा झेंडा हाताने खरा करून ठेवा. निम्मी प्रकरणं तिथेच पकडली जातात.

उरलेली निम्मी इन्व्होकरिक्वायर्डच्या ('आपण कंट्रोलच्या थ्रेडबाहेर आहोत का' हे सांगणारी प्रॉपर्टी) भरवशावर राहिल्याने होतात. कंट्रोलचं हँडल (विंडोजने खिडकीला दिलेली ओळख) अजून तयार झालेलं नसेल तर ते पालकांकडे चौकशी करत वर जातं, आणि वरही कुणाचं हँडल नसेल तर सरळ 'फॉल्स' सांगतं. कोड समजतो, आपण यूआय थ्रेडवर आहोत. मग पुढच्या एखाद्या ओळीत हँडल मागितलं जातं आणि खिडकी तिथेच, पूलच्या थ्रेडवर, जन्माला येते. वरची तपासणीसुद्धा हे पकडत नाही, कारण तिचा आधारही इन्व्होकरिक्वायर्डच. स्प्लॅश स्क्रीन, 'कृपया थांबा'ची छोटी खिडकी आणि मागे दडवून ठेवलेला प्रिंट प्रिव्ह्यू हे नेहमीचे आरोपी.

उपाय असे. मुख्य फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्येच हँडल प्रॉपर्टी एकदा वाचून घ्या, वाचली की ते तयार होतं. क्रिएटकंट्रोल बोलावून भागत नाही, कंट्रोल अदृश्य असेल तर ते हँडल बनवतच नाही. बॅकग्राउंडमधून प्रगती दाखवायची असेल तर प्रोग्रेस<टी> वापरा, पण ती वस्तू टास्क.रनच्या बाहेर, यूआय थ्रेडवर बनवा, कारण कुठल्या थ्रेडवर कळवायचं हा संदर्भ ती जन्मतानाच पकडते. आणि सगळ्या फॉर्म्ससाठी एक बेस फॉर्म करून त्यात ऑनहँडलक्रिएटेड ओव्हरराइड करा: चालू थ्रेडचा आयडी मेनच्या आयडीशी जुळत नसेल तर स्टॅक ट्रेस लॉगमध्ये लिहा. या चार ओळी पहिल्या दिवशीच घातल्या तर डम्प काढायची वेळ येत नाही.

दुरुस्ती तपासायला दर वेळी लॉक करत बसू नका. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबून हाय कॉन्ट्रास्ट चालू-बंद करा, तोच संदेश जातो. स्पाय++ मध्ये प्रोसेसखालचे थ्रेड उघडून बघा: मेनशिवाय दुसऱ्या थ्रेडखाली आपल्या फॉर्मची किंवा कंट्रोलची खिडकी दिसली तर काम अपुरं आहे.

आता बाकीचं, भरभर.

डीपीआयबद्दल, म्हणजे स्क्रीनच्या आणि फॉन्टच्या मापाप्रमाणे फॉर्म लहान-मोठा होण्याबद्दल, माझं मत बदललं. सुरुवातीला हाच सगळ्यात मोठा दोष वाटत होता. डॉट नेट कोअर 3.0 पासून मूळ फॉन्ट मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ 8.25 ऐवजी सेगो यूआय 9 झाला. डिझायनर फाइलमधलं ऑटोस्केलडायमेन्शन्स (फॉन्टच्या अक्षराचं माप) 6 बाय 13 असेल तर ते चालताना 7 बाय 15 धरलं जातं आणि 1200 पिक्सेल रुंद फॉर्म 1400 चा होतो. 1366 च्या स्क्रीनवर 'सेव्ह' बटण थेट पडद्याबाहेर. पण उपाय एका ओळीचा निघतो: प्रोजेक्ट फाइलमध्ये अॅप्लिकेशनडीफॉल्टफॉन्टला जुना फॉन्ट द्या, फॉर्म पूर्वीच्या मापाला येतात. एकाची स्क्रीन 125 टक्क्यांवर असल्याने डिझायनर फाइलमध्ये अचानक 8 बाय 20 दिसायला लागलं आणि गिटमध्ये शेकडो ओळी बदलल्या, तर फोर्सडिझायनरडीपीआयअनअवेअर 'ट्रू' करा. व्हिज्युअल स्टुडिओ 2022 च्या 17.8 पासून ही सोय आहे. एवढं केल्यावर माझा या बाबतीतला राग गेला.

हँडलगळती मात्र जैसे थे. पॅनेलवर बटणं बनवायची आणि दुसरा विभाग निवडला की कंट्रोल्स.क्लिअर, ही पद्धत सगळीकडे दिसते. क्लिअर फक्त यादी रिकामी करतं, हँडल सोडत नाही. एका प्रोसेसला यूजर ऑब्जेक्ट्स (खिडक्या, मेनू वगैरे) 10,000 आणि जीडीआय ऑब्जेक्ट्सही (ब्रश, फॉन्ट वगैरे) 10,000, ही विंडोजची मूळ मर्यादा. दर क्लिकला 40 बटणं गळली तर 250 क्लिकमध्ये 'एरर क्रिएटिंग विंडो हँडल'. फॉरईचमध्ये डिस्पोज केलं तर एकाआड एक कंट्रोल सुटतं, कारण डिस्पोज झालेलं कंट्रोल यादीतूनही निघतं आणि क्रम सरकतो. यादी संपेपर्यंत शून्याव्या घटकाला डिस्पोज करा. शोडायलॉगने उघडलेला फॉर्म बंद केल्यावर नुसता लपतो, म्हणून त्याला 'यूझिंग' लावा. टास्क मॅनेजरमध्ये या दोन्हींचे कॉलम चालू करून आकडा चढतोय का ते बघत राहा.

एक मजेदार प्रकार थर्मल प्रिंटरचा. गल्ला उघडण्याचा आदेश म्हणजे 27, 112, 0, 25, 250 हे पाच बाइट. जुन्या कोडमध्ये ते स्ट्रिंग करून एन्कोडिंग.डीफॉल्टने पाठवलेले असतात. फ्रेमवर्कवर डीफॉल्ट म्हणजे विंडोजचं कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता), डॉट नेट 8 वर यूटीएफ-8. त्यात 250 चे दोन बाइट होतात, 195 आणि 186. गल्ला उघडतोच, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण उरलेला 186 प्रिंटर अक्षर समजून ठेवून देतो आणि प्रिंटर कोडपेज 437 वर असेल तर पुढच्या बिलाच्या डोक्यावर दुहेरी उभी रेघ उमटते. स्ट्रिंग सोडा, बाइट अॅरे पाठवा.

अॅक्सेसची जुनी फाइल वाचणारं अॅप असेल तर 'एसीई.ओएलईडीबी.12.0 प्रोव्हायडर नोंदलेला नाही' हे ठरलेलं. फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये 'प्रिफर 32 बिट' बहुधा चालू असायचं. डॉट नेट 8 चा बिल्ड नेहमीच्या मशिनवर 64 बिटी निघतो आणि 32 बिटी ड्रायव्हर त्याला दिसत नाही. प्लॅटफॉर्मटार्गेट एक्स86 करा आणि ग्राहकाकडेही एक्स86 चाच डेस्कटॉप रनटाइम टाका. नुसतं 'रनटाइम' असं नाव असलेला इन्स्टॉलर चालत नाही, त्यात विनफॉर्म्स नसतं. सगळं पोटात घेतलेला बिल्ड द्यायचा तर ट्रिमिंग (न लागणारा भाग छाटणं) या प्रकाराला चालत नाही, त्यामुळे आकार 100 एमबीच्या वर जातो. पेनड्राइव्हवरून टाकणाऱ्याला काही नाही, हॉटस्पॉटवरून उतरवणारा शिव्या घालणार.

पैशाचं म्हणाल तर फुकट ते पौष्टिक. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी छोट्या संस्थेत पाच जणांपर्यंत चालते. दरवर्षी पैसे मागणाऱ्या ग्रिडशिवायही भागतं: डेटाग्रिडव्ह्यूला व्हर्च्युअलमोड लावा, कॉलमची रुंदी 'ऑलसेल्स' ऐवजी 'डिस्प्लेडसेल्स'वर ठेवा, आणि डबलबफर्ड संरक्षित असल्याने छोटा उपवर्ग करून त्यात ते चालू करा. लाखभर ओळींच्या स्टॉक यादीला एवढं पुरतं. रिपोर्टव्ह्यूअरची (रिपोर्ट दाखवणारं-छापणारं कंट्रोल) अधिकृत आवृत्ती इथे नाही, हा खर्च धरून चला: एकतर पीडीएफ लायब्ररी, नाहीतर प्रिंटडॉक्युमेंटवर हाताने रेघा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा मौनासाठी कापला, एक रिपोर्टसाठी. डॉट नेट 8 चा आधार 10 नोव्हेंबर 2026 ला संपतो, त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्यांनी डॉट नेट 10 वरच जावं. तिथे जाण्याआधी कोडमध्ये बायनरीफॉर्मॅटर (वस्तूचे बाइट करून देणारा क्लास) शोधा, 9 पासून तो काढलेला आहे. क्लिपबोर्डवर आणि ड्रॅग-ड्रॉपमध्ये स्वतःचे क्लास टाकत असाल तर तिथे त्याचं नाव न लिहिताही तो वापरला जात असतो. अशा ठिकाणी जेसन स्ट्रिंग करून टाका.