विकाससंवादाचा ऑनलाइन अभ्यासक्रम : वाचनसाहित्य उत्तम, मांडणी सदोष

विकसनशील देशांतील विकास आणि संवाद यांविषयीचे परस्परविरोधी सिद्धान्त शिकवणारा एका संस्थेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. साडेतीन हजार रुपये शुल्काच्या मानाने वाचनसाहित्य खरोखर चांगले आहे. नवकल्पनांच्या प्रसाराचा, म्हणजे नवी तंत्रे आणि कल्पना समाजात कशा पसरतात याचा, सिद्धान्त १९६२ साली मांडणारे अमेरिकी संवाद-अभ्यासक एव्हरेट रॉजर्स यांनीच १९७६ साली वरून खाली माहिती पोहोचवणारी जुनी चौकट मागे पडल्याचे मान्य केले. दरम्यान लॅटिन अमेरिकेतील अभ्यासकांनी, शेतकऱ्याचे घोडे अज्ञानापाशी नव्हे, तर जमिनीच्या मालकीपाशी अडते, असा आक्षेप घेतला होता. हा सगळा धागा शिक्षकांनी नीट उलगडला आहे. गरीब देशांचे मागासलेपण श्रीमंत देशांवरील त्यांच्या अवलंबनातून येते, असे सांगणारा अवलंबित्वाचा सिद्धान्त मात्र एका पाठात उरकला आहे.

माझी मुख्य तक्रार मांडणीविषयी आहे. आधी आधुनिकीकरण (नवी तंत्रे आणि माहिती वरून पोहोचवली की विकास होतो, हा विचार), मग अवलंबित्व, शेवटी लोकसहभाग (लोकांनी स्वतः चर्चा करून विकासाची दिशा ठरवावी, हा विचार) अशा पायऱ्या लावल्यामुळे प्रत्येक नवा सिद्धान्त आधीच्याला बाद करतो, असा समज होतो. तो खोडून काढणारे उदाहरण आपल्याच भागातले आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये रेडिओ श्रोतामंडळे चालवली. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, त्यावर तिथेच चर्चा करायची आणि आपले प्रश्न आकाशवाणीकडे पाठवायचे, अशी ती रीत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या मूल्यमापनात, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांतील लोकांची माहिती कितीतरी अधिक वाढलेली आढळली. सुधारित शेतीचा आग्रह आधुनिकीकरणवाद्यांचा आणि चर्चेची रीत सहभागवाद्यांची, असे दोन्ही तिथे एकत्र नांदत होते, तेही सहभागाचा सिद्धान्त पुस्तकांत रुजण्यापूर्वी.

या प्रयोगाला अभ्यासक्रमात जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत १९७५-७६ साली झालेल्या, बहुतांशी एकतर्फी असलेल्या उपग्रह दूरचित्रवाणीच्या प्रयोगावर मात्र आख्खा पाठ खर्ची पडला आहे.

शिवाय, लोकसहभागाचे पाठही ध्वनिमुद्रितच आहेत. प्रश्नांसाठी दिलेल्या चौकटीत मी श्रोतामंडळांविषयी विचारले, तेव्हा उत्तरादाखल सहाव्या पाठाचा दुवा परत आला. कृषिविस्तारात किंवा सामुदायिक रेडिओत काम करणाऱ्यांनी वाचनसाहित्यासाठी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा; चर्चेची अपेक्षा असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी थेट तासिका किती आहेत, हे संस्थेला विचारून घ्यावे.