आठ इंची डॉब, पाच महिने आणि दहिवर

ऑक्टोबरात डॉब (डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घेतला. आकडे सगळ्यांना पाठ आहेत, परत लिहीत नाही. लिहायचंय ते दहिवराबद्दल, कारण विकताना त्याचं नावही कुणी काढत नाही.

देवगडला घरामागच्या सड्यावर पहिल्याच अमावास्येला मांडला. नऊ वाजता देवयानी दीर्घिका झकास. साडेदहाला फाइंडरचा (नेम धरायच्या साधनाचा) लाल ठिपका गायब. सेल संपला म्हणून बदलला, तरी नाही. बॅटरी मारून बघतो तर काचेवर थेंबच थेंब. अकराला मृगातला तेजोमेघ ताकात बुडवल्यासारखा. ढग आले म्हणून मान वर केली, तर आभाळ लख्ख! दुय्यम आरसा (नळीच्या तोंडापाशी असतो तो छोटा) दवला होता.

दुकानात फोन केला. "सर, दमट जागी वापरू नका." अहो, कोरडी हवा काय घाटावरून मागवू? वर हीटरची पट्टी, कंट्रोलर, बॅटरी असं गळ्यात मारायला बघत होते. किंमत ऐकून फोन ठेवला.

इथवर डिसेंबरात लिहून ठेवलं होतं, दोन तारे देऊन. आता मार्च आहे आणि मला थोडं नमतं घ्यावं लागतंय.

उघड्या आभाळाकडे तोंड असलेली काच उष्णता टाकत हवेपेक्षा थंड होते, मग दव धरते. मोठा आरसा नळीच्या तळाशी म्हणून वाचतो. बायकोची जुनी योगा मॅट नळीच्या तोंडाला गुंडाळली, दोन वीत पुढे काढून. खर्च शून्य (बायकोचं मत वेगळं आहे). आता दुय्यम आरसा पहाटेपर्यंत टिकतो. फाइंडर मात्र अजून रडतो, त्याला अर्ध्या-अर्ध्या तासाने हेअर ड्रायर.

कुणकेश्वरच्या जत्रेचे दिवे उतरल्यावर एका पहाटे चारला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लावला. इथून तो दक्षिणेला सव्वीस अंश वर येतो; लंडनवाल्यांना क्षितिजावरच येत नाही. पश्चिमेला बंदी असलेल्या एलईडी मासेमारीचा उजेड होताच, पण दक्षिण काळीभोर. सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा गुच्छ, आणि कडेचे तारे सुटे सुटे मोजता येत होते. पंधरा मिनिटं मी जागचा हललो नाही.

आई उठून आली. "काय गावला रे तुका थंय?" डोळा लावून बघितलं. "ह्यां तर वरीचे तांदूळ सांडल्यासारख्या दिसता."

आणि तिच्या श्वासाने आयपीस (डोळा लावायची काच) दवला. मॅट तिथे पोचत नाही. तीन तारे.