पिन बाइंडिंग किती टिकते? सोलापुरातून गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

स्कीवर डोंगर चढायचा आणि त्याच स्कीवर उतरायचे, या स्की टूरिंगमध्ये सर्वांत जास्त मार खाणारा भाग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारे बाइंडिंग. चढताना टाच मोकळी हवी, उतरताना ती पक्की बसलेली हवी, आणि पडल्यावर पाय मुरगळण्याआधी बूट सुटायला हवा. ही तिन्ही कामे काही शे ग्रॅम वजनाच्या यंत्राला कडाक्याच्या थंडीत, बर्फाने माखलेले असताना करावी लागतात. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की गुलमर्गला निघणारा आमच्या सोलापूरकरांचा लहानसा गट गेले काही हंगाम दोन प्रकारची पिन बाइंडिंग वापरत आहे. त्यांतले काय टिकले, काय तुटले आणि का तुटले, याचा हा आढावा आहे.

पिन बाइंडिंगची मूळ कल्पना फ्रिट्झ बार्थेल या ऑस्ट्रियन अभियंत्याची, 1980च्या दशकातली. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूचे खळगे असतात, त्यांत टो पीसच्या, म्हणजे बाइंडिंगच्या पुढच्या भागाच्या, दोन पिना स्प्रिंगच्या जोराने बसतात. टाचेत मागून आणखी दोन पिना शिरतात. पुढे डायनाफिट कंपनीने ही रचना बाजारात आणली. आमच्याकडचे पहिले बाइंडिंग त्याच घराण्यातले, डायनाफिटचे स्पीड टर्न. वजन एका पायाला साधारण 370 ग्रॅम, सुटलेली स्की घसरत जाऊ नये म्हणून असतो तो ब्रेक नाही, चढताना टाचेखाली उचलून लावायचा टेकू म्हणजे रायझर नाही. चढणीची उंची बदलायची असेल तर हील पीस, म्हणजे टाचेकडचा भाग, हाताने किंवा काठीने फिरवावा लागतो. दुसरे बाइंडिंग एका दुसऱ्या युरोपीय कंपनीचे, पुढच्या पिढीतले आहे. त्याला ब्रेक आहे, काठीच्या टोकाने पाडता येणारे दोन पायऱ्यांचे रायझर आहेत, आणि वापरायला ते निःसंशय सोपे आहे.

टिकण्याच्या बाबतीत मात्र दोघांत फार अंतर पडले. स्पीड टर्नच्या टाचेवरच्या प्लॅस्टिकच्या टोपीला चरे पडले आहेत, याखेरीज त्यात सांगण्यासारखे काही बिघडलेले नाही. दुसऱ्या बाइंडिंगचा एक रायझर गुलमर्गच्या अफरवाट डोंगराच्या चढावर बिजागरीपाशी तुटला, आणि पुढच्या हंगामात हील पीसच्या प्लॅस्टिकच्या तळाला तडा गेला. रायझर तुटल्याने पोटऱ्यांना त्रास होतो, पण माणूस खाली येऊ शकतो. तळ तडकला तर टाच उतारावर धरेल याची खात्री राहत नाही, आणि अशा बाइंडिंगवर उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तुटलेला रायझर आम्ही सोलापूरला परत आणला आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका जाणत्या जॉबरना, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या अण्णांना, दाखवला. यंत्रमागांचे मोडलेले भाग पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. अण्णांनी तुटलेली कड उजेडात धरली आणि सांगितले, “हे त्या दिवशी मोडलेले नाही. अर्धी कड मळकी आणि गुळगुळीत आहे, उरलेली ताजी आणि खरबरीत आहे. चीर आधीच पडली होती, शेवटचा अर्धा भाग तेवढा त्या दिवशी गेला.” चिरेची सुरुवात जिथे झाली तिथे आतला कोपरा काटकोनात होता, त्याला गोलाई दिलेली नव्हती. मागाचा पिकर, म्हणजे धोटा ढकलणारा भाग, धोट्याला रात्रंदिवस ठोके देतो आणि एका ठोक्याने नव्हे तर लाखो ठोक्यांच्या थकव्याने मोडतो. रायझरचेही तेच झाले, कारण चढताना प्रत्येक पावलाला शरीराचे वजन त्याच बारीक बिजागरीवर येते. त्यात थंडीने प्लॅस्टिक कडक होते आणि त्याची लवण्याची ताकद कमी होते. म्हणून प्रत्येक सहलीनंतर बाइंडिंग कोरडे करून, कोपरे नखाने चाचपून पाहावेत, असा आग्रह मी धरतो.

तळाच्या तड्याचा सगळा दोष कंपनीला देणे मात्र न्याय्य होणार नाही. टाचेच्या पिना बुटात शिरल्यावर बूट आणि हील पीस यांच्यामध्ये किती अंतर ठेवायचे हे निर्माता ठरवून देतो. काही मॉडेलांत ते 4 मि.मी. असते, काहींत 5.5 मि.मी., आणि ज्यांचा हील पीस स्प्रिंगवर मागे सरकू शकतो अशा काहींत ते शून्यही असते. स्की बर्फातल्या खळग्यात वाकली की हे अंतर मिटते. ते मुळातच कमी ठेवले असेल तर बूट हील पीसला मागे रेटतो आणि तो जोर तळावर जातो. ज्या दुकानात आम्ही हे बाइंडिंग बसवून घेतले, तिथे अंतर मोजण्याची पट्टीच वापरली गेली नव्हती. बसवताना स्कीत स्क्रूसाठी पाडायच्या छिद्राचेही तसेच आहे: लाकडी गाभ्याच्या साध्या स्कीला 3.6 मि.मी.चे ड्रिल चालते, पण वर धातूचा पत्रा असलेल्या स्कीला 4.1 मि.मी. लागते. चुकीच्या छिद्रात कसलेला स्क्रू पुढे निसटला, तर त्याला बाइंडिंग तुटणे म्हणता येत नाही.

टो पीसच्या बाबतीत दोन्ही बाइंडिंग भक्कम ठरली. मात्र बूट आपोआप सुटतो अशी जी तक्रार नवे लोक करतात, तिचे कारण बहुतेक वेळा स्प्रिंगखाली दाबून बसलेला बर्फ हेच असते. त्यामुळे पिनांचे हात पूर्ण मिटत नाहीत. बारीक काडीने तो खरवडून काढणे आणि बूट घातल्यावर पाय काही वेळा पुढे-मागे हलवून खळगे साफ करणे, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. बुटातले खळगे झिजले असतील तर नवे बाइंडिंग घेऊनही उपयोग नाही.

सोलापुरात स्कीचे दुकान नाही, त्यामुळे आमच्यासाठी टिकाऊपणाचा अर्थ थोडा वेगळा आहे. बिघाड इथे दुरुस्त होईल का, आणि सुटा भाग मिळेल का, हे प्रश्न वजनापेक्षा महत्त्वाचे ठरतात. दुसऱ्या कंपनीने सौजन्याने उत्तर दिले आणि हील पीस बदलून देण्याचेही मान्य केले, पण नुसता रायझर स्वतंत्रपणे मिळत नाही असे कळवले, आणि बदली भाग येईपर्यंत बर्फ वितळले होते. एका छोट्या तुकड्यासाठी अख्खा हील पीस बदलावा लागणे, ही मला त्या बाइंडिंगची सर्वांत मोठी उणीव वाटते.

आणखी एक गोष्ट आपल्या गावच्या हवेची. उन्हाळ्यात चाळीस अंशांवर तापणाऱ्या पत्र्याखालच्या माळ्यावर स्की ठेवू नयेत. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, उभ्या न ठेवता आडव्या ठेवाव्यात. मागाला लावतो ते जाड ग्रीस बाइंडिंगला लावू नये, ते थंडीत घट्ट होते आणि हील पीस फिरेनासा होतो. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीपर्यंत जाताना स्कीची पिशवी बर्थखाली ढकलली जाते, तेव्हा रायझर आणि ब्रेक कापडाने गुंडाळून बांधावेत.

जो सोलापूरकर पहिल्यांदाच पिन बाइंडिंग घेत आहे, त्याला मी स्पीड टर्नसारखे कमी हलते भाग असलेले बाइंडिंग सुचवेन, जरी त्यात ब्रेक नसल्याने पायाला दोरी बांधावी लागते आणि प्रत्येक वेळी हील पीस फिरवावा लागतो. रायझरची सोय ज्याला हवीच आहे, त्याने पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून रायझर, ब्रेक आणि स्क्रू सुटे मिळतात का हे लेखी घ्यावे, आणि पहिल्या हंगामाआधीच एकेक जास्तीचा मागवून ठेवावा.