मेजवानी १३९० ची, पण पानात बटाटा कशाला?

इंग्लंडमध्ये एका दगडी तळघरात ‘१३९० सालची मेजवानी’ मिळते. गेल्या महिन्यात तिथे जेवले. मी शाकाहारी. त्या काळी युरोपात लोक मांस आणि पावावरच राहायचे, भाज्या कुणी खातच नसे, असं मला फार जणांनी ऐकवलंय. ते मला कधीच पटलं नव्हतं.

पहिलं आलं कोबीचं पॉटेज, म्हणजे दाटसर रस्सा. बारीक चिरलेला कांदा, लीकचा (कांद्याच्या जातीची पातीची भाजी) पांढरा भाग, केशर आणि वर गोडसर मसाल्याची चिमूट. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातल्या ‘फोर्म ऑफ क्युरी’ या पाककृतींच्या ग्रंथात ही कृती जशीच्या तशी आहे. केशराचा वास कोबीच्या उग्रपणावर अलगद बसतो. मी दोनदा मागून घेतलं. मग सॅलड. पार्सली, लसूण, पुदिना, बडीशेपेचा पाला, अळिवाचा पाला आणि चक्क घोळ! पानं सुरीने न चिरता हाताने खुडलेली, आधी तेल चोळलेलं, मग व्हिनेगर आणि मीठ. जुन्या कृतीत हाच क्रम आहे. एवढी काळजी घेणारं स्वयंपाकघर मी पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणून पुढचं पान बघून फार वाईट वाटलं. भाजलेले बटाटे, टोमॅटोचा रस्सा. दोन्ही अमेरिकेतले, कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये. रिचर्डच्या स्वयंपाक्यांनी ते पाहिलेलेही नव्हते. वाढणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, बटाटा नसला की गिऱ्हाईक नाराज होतं. अहो, पण त्याच ग्रंथात ब्रॉड बीन्स आहेत! फुटायला येईपर्यंत शिजवायच्या, पाणी पूर्ण निथळायचं, उकडून चिरलेला कांदा आणि लसूण घालून तेलात परतायच्या. शिवाय सलगम आहे, पार्सनिप (गाजरासारखं पांढरट कंद) आहे. बटाट्याची उणीव कुणाला भासली असती?

शेवटी बदामाच्या दुधातला गोड भात. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासाच्या काळात, तर दूध-अंडीही नाहीत, म्हणून बदाम वाटून दूध काढायचे. इथला भात मऊ, जेमतेम गोड, अप्रतिम.

पाचपैकी साडेतीन. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर पॉटेजला मांसाचं पाणी वापरतात. आणि बटाट्याऐवजी बीन्स मागा. मी अभिप्रायाच्या वहीत बीन्सची अख्खी कृती लिहून आले आहे.