एकाच संहाराचा दिवस की सगळ्यांचा? स्मृतिदिन ठरवणाऱ्यांसाठी एक तुलना

एखाद्या शाळेनं, विद्यापीठानं किंवा नगरपालिकेनं वंशसंहाराचा स्मृतिदिन पाळायचं ठरवलं की पहिल्याच बैठकीत मतं फुटतात. एक जण म्हणतो, २७ जानेवारी हा होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, दिवस आहे, तो तसाच राहू द्या. दुसरा विचारतो, मग रवांडाचं काय, आर्मेनियाचं काय, स्रेब्रेनित्साचं काय? तिसरा म्हणतो, सगळ्यांनाच एकत्र घेऊ, म्हणजे कुणाची तक्रार नको. तिघंही मनापासून बोलत असतात, म्हणूनच वाद मिटत नाही.

हा निर्णय ज्यांच्या अंगावर येऊन पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जगात आज साधारण चार पद्धती चालतात. माझं मत आधीच सांगतो. दिवसात किती संहार बसवायचे हा प्रश्न दुय्यम आहे. मारले गेलेले लोक कोण होते आणि त्यांना कुणी मारलं, हे त्या सभेत स्पष्ट शब्दांत सांगितलं जातं की नाही, यावर पद्धत जोखायला हवी.

स्वतःची तारीख, स्वतःचे मृत

पहिली पद्धत सगळ्यात सरळ: एक संहार, एक दिवस. २४ एप्रिल आर्मेनियन लोकांचा, कारण १९१५ साली त्या दिवशी कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन लेखक, पुढारी, धर्मगुरू यांची धरपकड सुरू झाली. ७ एप्रिल रवांडाचा. २५ मार्च बांगलादेशाचा, १९७१ च्या त्या रात्री पाकिस्तानी लष्करानं सुरू केलेल्या कत्तलीसाठी. तिथल्या संसदेनं २०१७ मध्ये तो जाहीर केला. इस्रायलमध्ये हिब्रू पंचांगानुसार योम हाशोआ, म्हणजे होलोकॉस्ट स्मृतिदिन, पाळतात. सकाळी दहाला भोंगा वाजतो आणि दोन मिनिटं रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबतात. नामिबियानं हेरेरो आणि नामा लोकांच्या संहारासाठी २०२५ पासून २८ मे हा दिवस पाळायला सुरुवात केली.

या पद्धतीचं बळ कुठे आहे ते पाहायचं असेल तर ११ जुलैला बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारी दफनभूमीत काय होतं ते पाहावं. १९९५ च्या जुलैमध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा लपवण्यासाठी मारेकऱ्यांनी नंतर यंत्रं लावून सामूहिक कबरी उकरल्या आणि प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन वेगवेगळ्या कबरींत सापडतात. डीएनए जुळवून ओळख पटली की त्या वर्षीच्या ११ जुलैला दफन होतं. हाती आलेली चार हाडं आत्ता पुरायची की बाकीची सापडेपर्यंत थांबायचं, हे कित्येक आयांना ठरवावं लागलंय. अशा दिवशी व्यासपीठावरून इतर पाच संहारांची यादी वाचा, असं कुणी सुचवू शकेल असं मला वाटत नाही. तो दिवस त्या घरांचा आहे.

पण स्वतःचा दिवस असला म्हणजे कुणाला आत घ्यायचं हा प्रश्न सुटतोच असं नाही. रवांडात तो सगळ्यात धारदार झाला. तिथे १९९४ मध्ये हुतू अतिरेक्यांनी तुत्सी समाजाचा संहार केला होता. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये ७ एप्रिल जाहीर केला, तेव्हा नावात फक्त 'रवांडातील वंशसंहार' होतं. २०१८ मध्ये ते बदलून 'तुत्सींविरुद्धचा वंशसंहार' असं केलं गेलं. अमेरिका आणि ब्रिटननं हरकत घेतली: मारेकऱ्यांना विरोध केला म्हणून मारले गेलेले हुतूही होते, त्यांचं काय? हरकतीत तथ्य होतं. पंतप्रधान अगाथे उविलिंगियिमाना स्वतः हुतू होत्या आणि ७ एप्रिल १९९४ च्या सकाळीच त्यांना ठार मारण्यात आलं. रवांडा सरकारचं उत्तरही तितकंच वजनदार होतं. 'दोन्ही बाजूंनी मारलं' असं म्हणत मूळ गुन्हा पुसू पाहणारे लोक आहेत आणि मोघम नाव त्यांच्याच पथ्यावर पडतं.

नावाच्या बाबतीत मी रवांडाच्या बाजूनं आहे. शंभर दिवस चाललेल्या त्या कत्तलीचं लक्ष्य तुत्सी होते, आणि तुत्सींचा वंशसंहार झाला याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही, असं रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००६ मध्येच नोंदवलंय. संहाराला विरोध करून प्राण गमावलेल्या राजकीय नेत्यांना रेबेरोच्या स्मारकावर १३ एप्रिलला मानवंदना दिली जाते, म्हणजे जागा करता येते हेही दिसतं. पण किझितो मिहिगो या गायकाचं जे झालं, ते मला कुठल्याही युक्तिवादात बसवता येत नाही. तो स्वतः संहारातून वाचलेला तुत्सी. त्याच्या वडिलांना मारलं होतं. २०१४ मध्ये त्यानं सूडापोटी मारल्या गेलेल्या हुतूंचंही दुःख गाण्यात मांडलं. गाण्यावर बंदी आली, लवकरच त्याला सरकारविरोधी कटाच्या आरोपावरून अटक झाली, शिक्षा झाली, पुढे माफी मिळाली, आणि २०२० मध्ये पुन्हा अटकेत असताना पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. दिवसाचं नाव काटेकोर ठेवणं एक. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसासाठी रडायला बंदी घालणं पूर्ण वेगळं.

मध्ये होलोकॉस्ट, भोवती इतर

दुसरी पद्धत ब्रिटनची, आणि बहुतेक संस्था हिचीच नक्कल करतात. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्य आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत पोहोचलं, तेव्हा तिथे सुमारे सात हजार कैदी जिवंत होते आणि अकरा लाखांच्या आसपास माणसं मारली गेली होती, त्यांतले सुमारे दहा लाख ज्यू. ब्रिटननं २००१ पासून हा दिवस पाळायला घेतला. साठ लाख ज्यूंची हत्या मध्यभागी, नाझींनी छळलेले इतर समूह सोबत, आणि नंतरच्या काळातले कंबोडिया, रवांडा, बोस्निया, दार्फुर.

ही रचना समजूतदार आहे, पण तिला दार आहे आणि दारावर पहारा आहे. 'नंतरचे' असं म्हटलं की १९१५ चे आर्मेनियन आपोआप बाहेर राहतात. १९०४ ते १९०८ दरम्यान जर्मन वसाहतीत मारले गेलेले हेरेरो आणि नामाही बाहेर. २००१ च्या पहिल्या सोहळ्याआधी आर्मेनियनांना वगळल्यावरून बराच गदारोळ झाला आणि त्यांच्या प्रतिनिधींना नंतर बोलावणं गेलं. मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटननं तर सुरुवातीची काही वर्षं या दिवसावर बहिष्कारच घातला. त्याऐवजी सर्वसमावेशक 'वंशसंहार स्मृतिदिन' हवा, अशी त्यांची मागणी होती. २००७ च्या अखेरीस त्यांनी बहिष्कार मागे घेतला, २००९ मध्ये गाझातल्या युद्धामुळे ते पुन्हा दूर राहिले, आणि २०१० मध्ये परत आले. त्या मागणीमागे समानतेची खरी भावना होती. पण ज्यूंच्या दिवसाचं नाव काढून घेण्याची मागणी बाहेरून आली की ऐकणाऱ्याला त्यात काय ऐकू येतं, हेही समजून घ्यायला हवं.

कंबोडियानं आणखी एक पेच टाकलाय. १९७५ ते १९७९ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीनं सतरा ते वीस लाख माणसांचा बळी घेतला, पण त्यांतली बहुसंख्य स्वतः ख्मेर, म्हणजे देशातल्या बहुसंख्याक वंशाचीच, होती. वंशसंहाराची कायदेशीर व्याख्या राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पाहते. म्हणून २०१८ मध्ये न्यायालयानं त्या नेत्यांना वंशसंहारासाठी दोषी धरलं ते चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी लोकांच्या बाबतीत. उरलेल्यांचा मृत्यू कायद्यानं 'मानवतेविरुद्धचा गुन्हा'. आता स्मृतिसभेत फक्त चाम आणि व्हिएतनामींचीच आठवण काढायची का? कुणीच तसं करत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ असा की 'फक्त न्यायालयानं ठरवलेलेच संहार' हा नियम वाटतो तितका स्वच्छ नाही. त्यासोबत इतिहासकारांचं एकमतही धरावं लागतं, आणि हे तुमच्या नियमात लेखी असू द्या. आयत्या वेळी ठरवायला गेलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

एकच राजवट, तिचे सगळे बळी

तिसरी पद्धत जर्मनीची. राष्ट्राध्यक्ष रोमान हेर्झोग यांनी १९९६ मध्ये २७ जानेवारी जाहीर केला तो 'राष्ट्रीय समाजवादाच्या', म्हणजे नाझीवादाच्या, 'बळींसाठी'. रेघ काढली ती मारेकऱ्यांभोवती: या राजवटीनं ज्यांना ज्यांना मारलं, ते सगळे. संसदेत दर वर्षी सभा होते आणि मधूनमधून प्रकाश वेगळ्या समूहावर पडतो. २०११ मध्ये झोनी वाइस हे सिंटी समाजातले (पूर्वी 'जिप्सी' म्हटल्या जाणाऱ्या रोमा लोकांची एक शाखा) वाचलेले गृहस्थ बोलले. २०१७ मध्ये 'दयामरणा'च्या नावाखाली मारलेले अपंग आणि मनोरुग्ण, २०२३ मध्ये लैंगिकतेमुळे छळले गेलेले.

मला या पद्धतीचा प्रामाणिकपणा आवडतो. गुन्हा आपला, तेव्हा यादीही आपणच पूर्ण करायची. मात्र ती पूर्ण व्हायला फार वेळ लागला. बर्लिनमधलं ज्यूंचं स्मारक २००५ मध्ये उभं राहिलं, समलैंगिकांचं २००८ मध्ये, सिंटी आणि रोमांचं २०१२ मध्ये, अपंग आणि रुग्णांचं २०१४ मध्ये. संहारातून वाचलेले कित्येक जण तोवर हयातही नव्हते. कैदेत उपासमारीनं आणि गोळ्यांनी मेलेले तीस लाखांहून अधिक सोव्हिएत युद्धकैदी तर आजही बहुतेक सभांतून निसटतात.

सगळ्यांसाठी एकच दिवस

चौथी पद्धत कागदावर सगळ्यात न्याय्य. १९४८ मध्ये ९ डिसेंबरला वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये तोच दिवस सर्व वंशसंहारांच्या बळींसाठी आणि प्रतिबंधासाठी ठेवला. कायदा शिकवणाऱ्या संस्थांना, मानवाधिकार आयोगांना तो चांगला. बाकीच्यांच्या मनाला तो भिडत नाही, कारण त्या तारखेला करार झाला, कुणाचं घर जळलं नाही.

युरोपात २३ ऑगस्ट हा स्टालिनवाद आणि नाझीवाद दोन्हींच्या बळींचा दिवसही आहे. हेतू रास्त, पण तो दिवस घेणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. पूर्व युरोपात काही ठिकाणी 'दोन्ही सारखेच' या युक्तिवादाआड नाझींना साथ देणारे स्थानिक लोक वीर म्हणून मिरवले जातात.

समावेश कुठे उलटतो

जानेवारी २०१७ मध्ये होलोकॉस्ट स्मृतिदिनानिमित्त व्हाइट हाऊसनं निवेदन काढलं आणि त्यात ज्यूंचा उल्लेखच नव्हता. विचारल्यावर खुलासा आला की सर्वच बळींचा विचार केलाय. त्याच वर्षी ओटावात कॅनडाच्या राष्ट्रीय होलोकॉस्ट स्मारकाचं उद्घाटन झालं. तिथल्या फलकावर लाखो स्त्री-पुरुषांचा आणि मुलांचा उल्लेख होता, ज्यूंचा नव्हता. टीका झाल्यावर तो फलक काढावा लागला. दोन्ही ठिकाणी एकाही बळीची भर पडली नाही. उलट, ज्यांना वेचून मारलं होतं त्यांचंच नाव गेलं. 'कोणत्याही द्वेषाला बळी पडलेले सर्व' अशी वाक्यं तुमच्या निमंत्रणपत्रिकेत दिसली तर ती खोडा. त्याऐवजी समूह, ठिकाण, वर्ष आणि मारेकरी लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या २००५ च्या ठरावानं हे एका वाक्यात साधलंय: ज्यू जनतेचा एक तृतीयांश भाग, आणि त्यासोबत इतर अल्पसंख्याकांतले असंख्य.

गाझाचा प्रश्न येणारच

२०२५ मध्ये डब्लिनच्या होलोकॉस्ट स्मृतिसभेत आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी गाझाचा उल्लेख केला, तेव्हा उपस्थितांपैकी काहींनी निषेध केला आणि त्यांतल्या काहींना बाहेर काढण्यात आलं. असा प्रसंग तुमच्याकडेही येऊ शकतो. वर्तमानावर गप्प बसायचं तर 'पुन्हा कधीच नाही' या शब्दांना अर्थ काय, असं विचारणारे चुकीचं विचारत नाहीत. ज्या सभेला माणसं आपल्या आजी-आजोबांची नावं ऐकायला येतात, तिथे चालू युद्धाचा निवाडा लावू नये, असं म्हणणारेही चुकीचं म्हणत नाहीत. माझा सल्ला असा: त्याच आठवड्यात दुसरी सभा ठेवा, तिथे दक्षिण आफ्रिकेनं इस्रायलविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात २०२३ च्या डिसेंबरात दाखल केलेला खटला, सुदान, म्यानमार यांवर मोकळेपणानं बोलू द्या, आणि तिची घोषणा पहिल्या सभेतूनच करा. नुसतं आश्वासन देऊन दुसरी सभा टाळलीत, तर बहिष्कार ओढवून घ्याल आणि तो रास्तही असेल.

मग निवड कोणती

तुमच्या भागात एखाद्या संहारातून वाचलेले लोक किंवा त्यांची मुलं-नातवंडं राहत असतील तर पहिली पद्धत घ्या, आणि कार्यक्रम छापायच्या आधी त्यांना विचारा. वर्षातून एकच सभा परवडणारी शाळा असेल तर दुसरी घ्या: मध्ये होलोकॉस्ट, आणि दर वर्षी सोबत फक्त एक संहार, नीट अभ्यासलेला. अर्ध्या तासात सहा देश उरकले की मुलांच्या हाती काहीच लागत नाही. सोबतचा संहार निवडताना १९४५ आधीचेही धरा, म्हणजे आर्मेनियन आणि हेरेरो दारातच अडणार नाहीत.

रोमा लोकांना मात्र पाळीत बसवू नका. त्यांची जागा दर जानेवारीत पक्की हवी. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउशवित्झ-बिर्केनाउमधल्या त्यांच्या छावणीत उरलेल्या सुमारे ४,३०० जणांना, त्यांत मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त, गॅस चेंबरमध्ये नेण्यात आलं. युरोपीय संसदेनं २०१५ मध्ये २ ऑगस्ट हा त्यांचा दिवस मानला, पण तेव्हा युरोपातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. स्रेब्रेनित्साचा ११ जुलैही बहुतेक ठिकाणी सुट्टीतच येतो. वर्गात मुलं हजर असतात ती जानेवारीत, तेव्हा या दोन्ही समूहांसाठी वेळ काढायचा तो त्याच सभेत.