शब्द कमी, चित्रं जास्त: एका पुस्तकासोबतचे आठ महिने

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, मी एका दुकानाचे अकाउंट्स घरून बघते, सासूबाई सटाण्याकडच्या. मुलगा आता सव्वातीन वर्षांचा आहे. फेब्रुवारीच्या शेवटी मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास पुस्तकांचं एक प्रदर्शन लागलं होतं, तिथल्या एका टेबलावरून त्याच्यासाठी चित्रांचं पुस्तक घेतलं, शंभर रुपयांच्या आत. पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तेच घ्या असं माझं म्हणणं नाही, पण आठ महिने रोज वापरल्यावर मला काय कळलं ते सविस्तर लिहावंसं वाटतंय, कोणाच्या तरी नक्की उपयोगी पडेल.

आधी पुस्तक कसं आहे ते सांगते. आडवं, चोवीस पानी, प्रत्येक पानावर एक मोठं भरगच्च चित्र. आठवड्याचा बाजार, नदी आणि पूल, एसटी स्टँड, शेत, लग्नाचा मांडव, धो धो पाऊस असं सगळं. खाली फक्त एक ओळ. आणि प्रत्येक पानावर कुठेतरी एक तपकिरी बकरी लपलेली. गोष्ट अशी नाहीच. घरी आणल्यावर मला वाटलं पैसे वाया गेले, यात वाचायचं काय? आणि नेमकी तीच गोष्ट पुढे सगळ्यात कामाची निघाली.

तेव्हा मुलगा दोन वर्षं सात महिन्यांचा होता आणि बोलणं जवळजवळ नव्हतंच. "हे हे" करून बोट दाखवायचा, "दे", "नको", "बाबा", एवढ्यावर सगळा दिवस जायचा. मोबाइलवरची इंग्रजी गाणी मात्र सुरात गुणगुणायचा, त्यामुळे आम्ही निर्धास्त. नातेवाईक म्हणायचे मुलगे उशिराच बोलतात, याचे काका तर चार वर्षांपर्यंत बोलले नव्हते. हे ऐकून मी सहा महिने थांबले आणि ते मी करायला नको होतं. दोन वर्षांचं मूल साधारण दोन शब्द जोडून बोलतं, "बाबा आले", "पाणी दे" असं. तेवढंही नसेल तर डॉक्टरांना दाखवायचंच. आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा कानाची तपासणी करायला लावली (ती नॉर्मल आली, देवाची कृपा) आणि मग स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. म्हणजे पुस्तक हे तपासणीच्या ऐवजी नाही, हे आधीच ठळकपणे सांगते.

मार्च महिना पुस्तक नुसतं पडून होतं असं नाही, मी रोज घेऊन बसायचे. खालची ओळ वाचायची, पान उलटायचं, ओळ वाचायची, पान उलटायचं. चौथ्या पानाला हा पळून जायचा. मग मी पकडून आणून विचारायचे, "हे काय आहे? सांग ना, हे काय? ही गाय आहे ना? म्हण गाय." तो तोंड फिरवायचा. एकदा मिस्टरांनी सहज व्हिडिओ काढला. तो मी थेरपिस्ट मॅडमना दाखवला आणि त्यांनी मला फक्त एवढंच मोजायला सांगितलं की एका मिनिटात मी किती प्रश्न विचारले. अकरा! अकरा प्रश्न आणि उत्तराला एकदाही वाट पाहिली नाही. त्या म्हणाल्या तुम्ही त्याच्याशी बोलत नाही आहात, तोंडी परीक्षा घेताय.

त्यांनी जी पद्धत सांगितली तिला संवादी वाचन म्हणतात. नंतर मी त्याबद्दल वाचलं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये एक प्रयोग छापला होता, साधारण पावणेदोन ते तीन वर्षांची मुलं, आणि आईवडिलांनी घरीच महिनाभर पुस्तक वाचायचं. दोन गट केले, वाचन दोघांचं साधारण तेवढंच, पण एका गटाला वाचायची पद्धत शिकवली होती की मुलाला बोलू द्या, मोकळे प्रश्न विचारा, तो बोलेल त्यात भर घाला. महिन्याभरात त्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली, आणि नऊ महिन्यांनी परत पाहिलं तेव्हा फरक कमी झाला होता पण ती पुढेच होती. दोन्ही गट घरचं वाचन टेप करत होते. हे वाचलं तेव्हा मला आमचा तो व्हिडिओ आठवला, कारण आपण काय करतोय हे स्वतःचं स्वतःला ऐकल्याशिवाय खरंच कळत नाही. हा सल्ला सगळ्यांना: एकदा रेकॉर्ड करून ऐका.

आता आम्ही प्रत्यक्षात काय केलं. पहिली गोष्ट म्हणजे खालची ओळ वाचणं बंद. पान उघडायचं आणि गप्प बसायचं. मनात दहापर्यंत अंक मोजायचे. हे लिहायला सोपं आहे पण करताना जीव जातो, कारण आपल्याला शांतता सहन होत नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी बाजाराच्या पानावर त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला "गाई". गाडी. मी म्हटलं "हो, गाडी. भाजीची गाडी." बस एवढंच. दुसऱ्या दिवशी "भाजी गाई". त्यावर मी "हो, भाजीची गाडी, मावशी ढकलतात." म्हणजे तो जेवढं बोलला त्याला एक-दोन शब्द जोडून परत द्यायचं, दहा शब्द नाही. आणि चुकलं तर "नाही, असं म्हण" हे बंद, बरोबर रूप आपण सहज बोलून टाकायचं.

हे मराठीत फार महत्त्वाचं आहे असं माझं मत झालंय. आपल्याकडे तो गाडा, ती गाडी, ते गाढव, आणि त्याप्रमाणे सगळं वाक्य बदलतं. हा जूनमध्ये म्हणायला लागला "मी भाकली खाल्लो". हसायचं नाही, हे चूक नाही, हे डोकं चालतंय, "मी आलो, मी बसलो" वरून त्याने स्वतः नियम बनवलाय. मी म्हणायचे "अरे वा, भाकरी खाल्लीस तू? मीपण भाकरी खाल्ली." आता बऱ्याचदा बरोबर येतं, कधी येत नाही. लग्नाच्या पानावरून तर एवढे शब्द मिळाले की मलाच आश्चर्य वाटलं: साडी नेसतात, शर्ट घालतात, टिकली लावतात, गजरा माळतात, फेटा बांधतात. बाळाला कडेवर घेतलंय, एकाला खांद्यावर बसवलंय, ताई धाकट्याला पाठुंगळी घेऊन चाललीये. इंग्रजी बोर्डबुक आमच्याकडे तीन होती, त्यात ॲपल, बॉल, कॅट. नावं पाठ झाली पण त्यांना पुढे जोडायला काहीच नव्हतं. या पुस्तकात कोणीतरी काहीतरी करत असतं, म्हणून क्रियापदं येतात, आणि क्रियापद आलं की वाक्य होतं.

बकरीचं मी सुरुवातीला फार मनावर घेतलं नव्हतं, पण तिने मुलाला जागेवर बसवलं. बकरी कुठाय? पुलावर, पुलाखाली, टोपलीच्या मागे, एसटीच्या टपावर. हे "वर, खाली, मागे, आत, मधे" मी वेगळं कधीच शिकवलं नाही. शोधताना डोळा पानभर फिरतो, बोट नेमकं टेकतं, एकेक पान चिमटीत धरून उलटायची सवय लागते. आधी तीन मिनिटं बसायचा, आता पंधरा-वीस मिनिटं आरामात. आणि आळीपाळीने शोधायचं ठरवल्यामुळे "आता आईची बाली" म्हणून थांबायलापण शिकला, जे पार्कमधल्या घसरगुंडीवर अजून जमत नाही पण असो.

सासूबाईंबद्दल लिहायलाच हवं. त्या घरात अहिराणी बोलतात आणि मला कोणीतरी सांगितलं होतं की मुलाचा गोंधळ होतोय, घरात एकच भाषा ठेवा. मी हे आईंना बोलून दाखवलं आणि त्या महिनाभर नातवाशी मोजकंच बोलल्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं. थेरपिस्टनी स्पष्ट सांगितलं की दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, माणसं बोलायची कमी झाली की पडतं. मग आई त्यांच्या पद्धतीने बसायला लागल्या, "हाई काय शे? बकरी कोठे चालनी?" आणि आई खालची ओळ वाचतच नाहीत, त्यामुळे त्या पहिल्यापासूनच चित्राकडे बघूनच बोलायच्या. शेताच्या पानावर कांद्याची चाळ आहे, त्यावर त्या अर्धा तास सांगू शकतात, कांदा कसा भरायचा, पावसाळ्यात कसा सडतो. मी महिनाभर जे शिकत होते ते त्यांना उपजत येत होतं. पुस्तक घेताना घरातल्या आजी-आजोबांना ते बघून बोलता येईल का हे नक्की बघा.

सगळ्यात मोठी उडी नदीच्या पानावर पडली. प्रश्नांचा एक प्रकार असा की चित्रातली गोष्ट आपल्या आयुष्याला जोडायची, "आपण असं कुठे पाहिलं?" ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, मिस्टर आम्हाला गाडीवर लांबून पूर दाखवायला घेऊन गेले. नाशिककरांना माहितीच आहे, गोदावरीला पाणी किती आलं हे आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून मोजतो. तिथे सगळे बोलत होते, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं. घरी आल्यावर त्याने स्वतः पुस्तक आणलं, नदीचं पान उघडलं आणि म्हणाला, "मालुतीला पानी. कंबल पानी. मालुती ललत नाही." मारुती रडत नाही! सहा-सात शब्द एका दमात, न विचारता. मी विचारलं का नाही रडत, तर बराच वेळ थांबून "मोथा आहे". त्यानंतर आठवडाभर अंघोळीच्या बादलीत बाहुला उभा करून गुडघ्याला, कमरेला, गळ्याला चाललं होतं. शरीराचे अवयव, जास्त-कमी, आधी-नंतर, सगळं त्यात आलं, मी काही ठरवून घेतलं नव्हतं.

एसटी स्टँडच्या पानावर गर्दीत एक मुलगा एकटा रडतोय. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला तेव्हा हा रोज तेच पान काढायचा. काही बोलायचा नाही, नुसता बोट ठेवायचा. मी म्हटलं "त्याला आई दिसत नाहीये. भीती वाटतेय त्याला." चार-पाच दिवसांनी म्हणाला "आई येते." मी त्या पानावर बराच वेळ थांबले. "भीती वाटते" हा शब्द त्याला तिथे मिळाला आणि नंतर डासांच्या धुराच्या गाडीला, फटाक्यांना तो स्वतःच वापरायला लागला, आधी नुसता किंचाळायचा.

आता तक्रारी, त्यापण आहेत. बांधणी स्टेपल पिनांची, चार महिन्यांत मधली पानं सुटली आणि एक पिन वर आली होती, लहान मुलांच्या पुस्तकाला हे अजिबात चालणार नाही. मी पिना काढून दोऱ्याने शिवलं. कागद गुळगुळीत, ट्यूबलाइट खाली चमकतो आणि चित्र दिसत नाही, खिडकीशी बसावं लागतं. खालच्या ओळी छापील बोजड भाषेत आहेत, घरात कोणी असं बोलत नाही. चित्रात जवळपास सगळ्या बाया स्वयंपाक करतायत किंवा भाजी विकतायत, एखादी बस चालवताना दाखवली असती तर काय बिघडलं असतं? आणि वर्षाच्या आतल्या बाळाला हे देऊ नका, एवढं भरलेलं चित्र त्यांना झेपत नाही, त्यांना एका पानावर एकच वस्तू आणि जाड पुठ्ठा बरा.

काय झालं नाही तेही सांगते. अक्षरओळख शून्य. अंक पाचपर्यंत. "र" अजून "ल" आहे, तो या वयात चालतो असं थेरपिस्ट म्हणाल्या. शेजारच्या ताईंच्या मुलीला हेच पुस्तक दिलं तर तिला काही फारसं आवडलं नाही, तिला गोष्टच लागते. आणि सगळं श्रेय पुस्तकाला देता येणार नाही, थेरपी चालू होती, प्लेग्रुप चालू होता, मोबाइलही आम्ही कमी केला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको असं सांगितलंय, आमच्याकडे त्याच्या तिप्पट होत होता. तो वेळ काढून घेतला तेव्हा हातात द्यायला काहीतरी लागलं, ते हे पुस्तक होतं.

ज्यांना विकत घ्यायचं नाही त्यांनी स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत ती बघा, पण शक्य असेल तर प्रिंट काढा, मोबाइलवर मुलाचं बोट लागलं की पान सरकतं. मी आता दुसरं पुस्तक शोधतेय, बिनशब्दांचं, थोडी गोष्ट पुढे जाणारं, कारण "मग काय झालं?" हा त्याचा नवीन प्रश्न आहे आणि यात मग काहीच होत नाही.

सध्या आई महिन्याभरासाठी गावी गेल्यात. रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लागतो, हा पुस्तक घेऊन बसतो आणि मोबाइलसमोर पान धरतो, म्हणजे इतकं जवळ की तिकडे आईंना नुसता तपकिरी रंग दिसत असणार. आणि विचारतो, "आजी, बकली दिसनी का?"