ट्रिनो: डेटा न हलवता सगळीकडून क्वेरी, वापरून बघाच

पोस्टग्रेसमधे ऑर्डर्स, मायएसक्यूएलमधे कस्टमर आणि लॉग मोंगोमधे, असा वेगवेगळ्या डेटाबेसचा पसारा असेल तर ट्रिनो हे एसक्यूएल क्वेरी इंजिन खरंच कामाचं आहे. फेसबुकमधे 2012 ला प्रेस्टो सुरू झालं, त्याच्याच मूळ लोकांनी पुढे नेलेलं हे, 2020 च्या डिसेंबरात नाव ट्रिनो झालं, ओपन सोर्स आहे.

सेटअप सोपाय. प्रत्येक डेटाबेससाठी एक छोटी कॅटलॉग फाइल, त्यात कनेक्टरचं (त्या डेटाबेसशी बोलणाऱ्या जोडणीचं) नाव, यूआरएल, युजर, पासवर्ड, बस. मग कॅटलॉग डॉट स्कीमा डॉट टेबल असं लिहून एकाच एसक्यूएलमधे दोन वेगळ्या डेटाबेसची टेबलं सरळ जॉइन करायची, रोज रात्री कॉपी करणाऱ्या पाइपलाइनची कटकटच नाही आणि आकडे ताजे मिळतात, मला तर हेच सगळ्यात आवडलं.

पण स्पीड सगळा पुशडाउनवर, म्हणजे फिल्टरचं काम मूळ डेटाबेसकडे ढकलण्यावर आहे. फिल्टर मूळ डेटाबेसमधेच लागला तर मोजक्याच ओळी येतात, नाहीतर अख्खं टेबल नेटवर्कवरून ओढलं जातं. उदा. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट कॉलमवर बरोबरची (=) तुलना मूळ डेटाबेसकडे जाते पण लहान-मोठं किंवा बिटवीन बाय डिफॉल्ट जात नाही, म्हणून क्वेरीचा प्लॅन दाखवणारी एक्सप्लेन कमांड चालवून बघाच, प्लॅनमधे स्कॅनफिल्टर दिसला तर फिल्टर ट्रिनोच करतोय समजा. आणि लाइव्ह प्रॉडक्शनला जोडू नका हो, रीड रेप्लिकाच (फक्त वाचायची कॉपी) द्या, लोड शेवटी तिकडेच पडतो!

मेमरीही भरपूर लागते. रिपोर्टिंगला मात्र माझ्याकडून पाचपैकी चार.